माप आणि तराजू

आमच्या घरी धान्याच्या कणगीशेजारी चिपटे, मापटे, शेर आणि पायली अशी मापे ठेवलेली असत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक आम्हांला पाढ्यांबरोबर पाठ करावे लागे. शेर हा शब्द मात्र मोठा फसवा! तो मापाचाही होता आणि वजनाचाही. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण मापी शेरात किती वजनाचे धान्य मावेल, हे त्या त्या धान्यावर अवलंबून असे. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि पुढे वजनी शेर दुकानांतून गेला. स्वयंपाकघरात मात्र मापाचेच राज्य राहिले. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, असे आपण आजही म्हणतो. त्यात काही बिघडत नाही. वाटी लहान असो वा मोठी, दोन्ही एकाच वाटीने मोजले की प्रमाण साधते. अडचण येते ती वजनाने ठरलेले धान्य मापाने काढावे लागते तेव्हा.

मी एका खेड्यातील शाळेचा मुख्याध्यापक असताना सहावी ते आठवीची १२० मुले दुपारी शाळेत जेवत. दर मुलामागे १५० ग्रॅम, म्हणजे रोज १८ किलो तांदूळ लागत. एके दिवशी वजनकाटा बिघडला. तेव्हा मदतनिसाने दुधाचे एक लिटरचे माप घेतले आणि बरोबर अठरा मापे तांदूळ काढून दिले. थोड्याच वेळात स्वयंपाक करणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, आज शेवटची पंगत उपाशी राहणार."

"का हो मावशी? मापे तर पुरी अठरा घातली आहेत."

"माप भरलं, पण तांदूळ नाही भरले. पातेल्यातल्या रोजच्या खुणेला ते पोहोचतच नाहीत. तुम्ही जोखून बघा."

शेजारच्या दुकानातून काटा आणवला. मापभर तांदूळ भरले अवघे ८५० ग्रॅम! एक लिटर पाणी एक किलो भरते, हे खरे. तांदळाचा दाणा तर पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड. तरीही मापभर तांदूळ हलके भरतात. कारण दाण्यादाण्यांमध्ये फटी राहतात आणि त्या फटींत नुसती हवा असते. अठरा मापांचे झाले १५ किलो ३०० ग्रॅम. तूट आली २ किलो ७०० ग्रॅमची, म्हणजे नेमक्या अठरा मुलांच्या घासाची. मावशींनी आणखी तीन मापे आणि वर चार मुठी तांदूळ धुवायला घेतले.

काटा हाताशी होताच, म्हणून सातवीच्या मुलांनी इतर जिन्नसही जोखले. चाळून अलगद भरलेली कणीक साधारण अर्धा किलो भरली. तेच माप आपटून, दाबून भरले, तर शंभर ग्रॅम सहज अधिक. चुरमुऱ्यांनी तर काट्याची परीक्षाच पाहिली! शीग लावून भरलेले माप आणि सपाट केलेले माप यांतला फरकही मुलांना दिसला. पूर्वी मजुरीचे धान्य पायलीने घेणाऱ्या बायका त्या शिगेकडे डोळ्यांत तेल घालून पाहत, ते काही उगीच नव्हे.

मुलांनी ही सारी वजने कोठीच्या दारावर खडूने लिहिली. मावशींनी ती एकाकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "अरे, खिचडीतली मुगाची डाळ राहिली की!"