चोपड्याची उत्तर दिशा

तापीचें पात्र ओलांडून उत्तरेस निघालें कीं, खानदेश निराळाच दिसूं लागतो. दोहों बाजूंस केळीच्या बागा, मधूनमधून कापसाचीं काळीं रानें, आणि पुढें सातपुड्याची निळसर रांग. त्या रांगेच्या अलीकडे चोपडा हें तालुक्याचें गांव आहे. प्रवासी येथून बहुधा उनपदेवच्या उष्ण झऱ्याकडे जातात. आम्ही मात्र या खेपेस एका शाळेंतील मुलांचा प्रयोगवर्ग पाहण्यास थांबलों.

दर चौघां मुलांपुढें पाण्यानें भरलेली पितळी परात, सुई, लोहचुंबक, बॅटरीचा सेल, तार व इवलासा दिवा, एवढेंच साहित्य होतें. मुलांनीं सुई चुंबकावर एकाच दिशेनें पुनः पुनः घासली आणि केळीच्या सोपटाच्या तुकड्यावर ठेवून पाण्यांत सोडली. ती डळमळली, फिरली व दक्षिणोत्तर स्थिरावली. “सातपुड्याकडे बघतेय!” एक मुलगी ओरडली. उत्तर दिशा तिनें पाठ केली नव्हती. तिला ती सांपडली होती.

सुई मण्याकडे ओढली जाते, ही गोष्ट कणादाच्या वैशेषिकसूत्रांत नमूद आहे. कारण मात्र ‘अदृष्ट’ म्हणून सांगितलें आहे. मुलें त्यापुढें गेलीं. दिव्याची तार सुईवर समांतर धरून त्यांनीं तिचीं टोकें सेलला जोडलीं. दिवा लागला आणि सुईही बाजूस वळली. एक टोक सोडतांच दिवा विझला, सुई परतली. १८२० सालीं डेन्मार्कमध्यें अर्स्टेड यांना हेंच दिसलें, आणि वीज व चुंबकत्व यांचें नातें जगास कळलें. शेवटीं भोंक पाडलेल्या खोक्यांतून, तेलकट कागदावर, अंगणांतील निंब उलटा उमटला. प्रकाश सरळ रेषेंत जातो, हें कोणास सांगावें लागलें नाहीं.

खानदेशास ही रीति नवी नव्हे. १९७४ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें आपलें आरंभींचें ग्रामीण कार्य याच जिल्ह्यांतील खिरोदा येथें, खेड्यांतील प्राथमिक शाळांतून केलें. चोपड्याहून यावल, फैजपूरवरून पूर्वेस गेलें कीं तें गांव लागतें.

हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाहीं. येथें मळ्यामळ्यांत विजेचे पंप आहेत. ज्या मुलास वीज कोणत्या वाटेनें जाते व कोठें तुटते हें कळलें नाहीं, तो तिला भितो तरी, नाहीं तर ओल्या हातानें खटक्याशीं खेळतो. दीड व्होल्टच्या सेलवर ती वाट ज्यानें स्वतः जोडून पाहिली, त्यास आपलें ओलें शरीरही तिची वाट होऊं शकतें, हें समजावणें सोपें जातें.

म्हणून गृहस्थांस व गृहिणींस विनंती कीं, घरांतील मुलामुलींस एक सेल, एक दिवा व एक चुंबक आणून द्यावा. भिंतींतील विजेस हात लावूं देऊं नये. परंतु परातींतील सुई फिरूं लागली म्हणजे ‘कां?’ या प्रश्नास ‘गप्प बैस’ असें उत्तर कोणीं देऊं नये.