सोल, रॅप आणि सुरतेतले यंत्रमाग

अमेरिकेतले सोल संगीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून घडले. प्रेमगीतांनी लोकप्रिय झालेला हा प्रकार १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वंशभेदावर उघड बोलू लागला. स्टीव्ही वंडरचे १९७३चे ‘लिव्हिंग फॉर द सिटी’ त्यातले सर्वांत भेदक गाणे. मिसिसिपीतल्या कष्टकरी घरातला तरुण न्यूयॉर्कला येतो आणि उतरताच फसून तुरुंगात जातो. मध्येच गायन थांबते. रस्ता, पोलीस, न्यायालय यांचे नुसते आवाज ऐकू येतात. त्याच वर्षी ब्रॉन्क्समध्ये हिप हॉप जन्मले. तिथल्या वस्त्या द्रुतगती मार्गाने चिरल्या होत्या, घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या होत्या. १९८२च्या ‘द मेसेज’ या गाण्याने ती पडझड रॅपमध्ये आणली.

मराठीत विषमतेवर गाण्याची ही परंपरा त्याहून जुनी. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेऊन जातिव्यवस्थेवर प्रहार केला. पुढे आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी कामगार वस्त्यांत पोहोचली. १९७२मध्ये दलित पँथर या संघटनेने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. वंश आणि जात एक नव्हेत, पण कोणी कुठे राहायचे आणि कोणते काम करायचे हे दोन्हीकडे जन्मावरून ठरत आले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. त्या आघाताचा विचार न करता मुंबईच्या शाहिरीचा इतिहास लिहिता येणार नाही.

सुरतेत ही विषमता स्थलांतराच्या वाटेने येते. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली भागांत वसली. यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कामगार मोठ्या संख्येने आहेत. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या मीटरवर. कित्येक जण ‘मेस’ म्हटल्या जाणाऱ्या खोल्यांत राहतात. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपतो. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, वर्षानुवर्षांनी कान अधू होतात. अशा कारखान्यात कामाच्या लयीवर गाणे जन्मणे कठीणच.

एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीने माग थांबले. १० एप्रिलला लसकाणा भागात कामगार थकलेली मजुरी आणि गावी जाण्याची सोय मागत रस्त्यावर उतरले. त्यांतल्या अनेकांना अटक झाली. त्याच काळात ओडिशातल्याच कालाहांडीचा दलित रॅपर दुलेश्वर टांडी, ‘दुले रॉकर’, स्थलांतरित मजुरांच्या हालांवर गात सरकारला जाब विचारत होता. तो स्वतः रायपूरला हॉटेलात राबून गावी परतलेला. त्या रॅपमधला संताप ऐकीव नाही.