मडके आणि चाक
गेल्या सुगीच्या तोंडावर विळ्यांना धार लावायला ग्राइंडरला नवे चाक बसवत होतो. सौ. म्हणाली, "अहो, मडक्यासारखे वाजवून तरी बघा." मी हसलो, पण चाक बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकले. आवाज बद्द आला! तडा दिसत नव्हता, पण होता. तसेच फिरवले असते तर तुकडे तोंडावर आले असते.

तेव्हापासून नेम ठरला. डोळ्यांवर चष्मा, हातमोजे नाहीत, टेकू चाकापासून ३ मिलिमीटरच्या आत, सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहायचे. विळा तापला की पाण्यात बुडवायचा. निळा पडला तर त्याचे पाणी उतरले समजा.

मंडळी, मडक्याला टिचकी मारता, तशी चाकालाही मारा.