छप्पर आणि चूल

घर म्हटलं की पुरुषाला आधी छप्पर आठवतं, बाईला चूल. ऑरेगनमधल्या एल्कची हकिकत समजली तेव्हा मला हेच आठवलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगानं थोराड प्राणी. माझी लेक अमेरिकेत तिकडेच असते, म्हणून ला ग्रँड गावाजवळचं स्टार्कीचं जंगल बघायला मिळालं. सुमारे शंभर चौरस किलोमीटर रान आणि भोवती आठ फूट उंच जाळी. १९८७ साली ती घातली. आतल्या एल्कच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून ते कुठं चरतात, कुठं बसतात, हे वर्षानुवर्षं टिपून ठेवलंय.

या डोंगरांत लाकडासाठी झाडं तोडतात. दाट झाडी एल्कना थंडीवाऱ्यात ऊब देते, तेव्हा ती राखायलाच हवी, असं जाणकार म्हणत. मग त्याच भागात माणसाळलेल्या एल्क माद्या वेगवेगळ्या आवारांत ठेवून पाहिल्या. कुठं दाट झाडी, कुठं साफ तोडलेली जागा, खाणं मात्र सगळ्यांना सारखंच. जॉन कुक आणि सोबत्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष छापला. हिवाळ्यात दाट झाडीतल्याच जास्त रोडावल्या होत्या! उघड्यावरच्यांना निदान ऊन तरी मिळत होतं.

म्हणजे खरं महत्त्व पोटाला. उन्हाळ्यात पिलाला पाजणाऱ्या मादीला सकस चारा मिळाला नाही, तर पुढं ती गाभण राहणं अवघड. बाळंतिणीला डिंकाचा लाडू का देतात, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागतं का?

झाडं तोडली की जमिनीला ऊन लागतं, गवत-झुडपं उगवतात, एल्क चरायला येतात. नवी झाडं दाटली की ताट पुन्हा रिकामं.

मग तोड चांगलीच म्हणायची? थांबा. ओंडके न्यायला रस्ता लागतो. ओंडके जातात, रस्ता राहतो. त्यावरून गाड्या येतात, शिकारी येतात. स्टार्कीच्या नोंदी सांगतात, वर्दळीच्या रस्त्यापासून एल्क दूर सरकतात, जवळचा चारा सोडून. अशा वेळी झाडी हवीच, पण उबेसाठी नाही, आडोशाला. म्हणून तिकडं काही जंगलरस्त्यांना फाटक लावून ते बंद ठेवतात.

मला हे पटलं. पोरगी बाळंतपणाला माहेरी आली की आम्ही बेळगावकडं तिला आतल्या बाजूची खोली देतो, ते काय उगीच?