त्याच पानावर पुन्हा

माणूस वाढतो म्हणजे नेमके काय होते, याचा साक्षीदार तो स्वतः क्वचितच असतो. कपडे आखूड झाले की उंची वाढल्याचे कळते, आवाज फुटल्याचे घरचे सांगतात. मन केव्हा आणि कुठल्या वळणावर बदलले हे मात्र कोणीच सांगत नाही. आठवणींवर भिस्त ठेवावी तर त्या आजच्या सोयीने स्वतःला घडवून घेतात. या बाबतीत आम्हांला थोडाफार विश्वास टाकावासा वाटतो तो पुन्हा वाचलेल्या पुस्तकांवर. छापलेला मजकूर तोच राहतो. म्हणून दुसऱ्या वाचनात जे वेगळे दिसते, त्यातले बरेचसे आपल्यातच बदललेले असते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले ते फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. आम्हांला ते पाचवीत बक्षीस म्हणून मिळाले आणि त्या वयात आम्ही श्यामच होतो. पोहण्याच्या भीतीने माळ्यावर लपणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, ते वळ आमच्या पाठीवर उठत. अळणी भाजीची गोष्ट आम्हांला फार आवडे. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील अवाक्षर न बोलता ती चवीने खातात. मोठी माणसेही आपापसांत अशी गुपिते राखतात, याचीच त्यात गंमत वाटे.

विशीत तीच गोष्ट वाचली तेव्हा वडील दिसेनासे झाले. सगळ्यांची पाने उठल्यावर आई जेवायला बसते, म्हणून मीठ नसल्याचे तिला सर्वांच्या शेवटी कळते. या एका क्रमात त्या घराची सारी रचना सामावलेली आहे, हे आम्ही तेव्हा मित्रांना तावातावाने सांगत असू. पुढे चाळिशी उलटल्यावर, घराच्या कर्जाचे हप्ते भरत असताना, पुस्तक पुन्हा हाती आले आणि या खेपेस दारात उभा असलेला सावकाराचा माणूसच सर्वत्र दिसू लागला. ज्याला बाहेर मान खाली घालावी लागते, त्याला घरात आवाज चढवणे सर्वांत सोपे असते. हा गृहस्थ त्या जेवणापुरता तरी तो चढवत नाही. वीस-तीस वर्षे आमच्या नजरेतून निसटलेले त्याचे मौन आता साऱ्या गोष्टीच्या मध्यभागी येऊन बसले.

अशा वेळी एक ठरीव हिशेब मांडला जातो: पहिले वाचन भाबडे, दुसरे आक्रमक, तिसरे प्रगल्भ. वाढणे म्हणजे चुकीकडून बरोबराकडे जाणे, असे या हिशेबात गृहीत धरलेले असते. आम्हांला तो मान्य नाही. मीठ नसल्याचे आईला शेवटी कळते, हे विशीतले निरीक्षण आजही तितकेच खरे आहे; आणि दहाव्या वर्षी पाठीवर उठणारे ते वळ तर आता कितीही प्रगल्भ झालो तरी उठत नाहीत. मिळवलेले आणि गमावलेले एकाच खतावणीत लिहायचे, तर दोन्ही बाजू भरायला हव्यात.

‘कोसला’ १९६३ साली आली. वसतिगृहात आमच्या खोलीपर्यंत तिची एक मुखपृष्ठ हरवलेली प्रत पाचव्या की सहाव्या हातातून पोहोचली आणि पुढचे सहा महिने ‘उदाहरणार्थ’ लावल्याखेरीज तिथे कोणाचे वाक्य पुरे होत नसे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात आलेला, मेस आणि गॅदरिंग यांच्या कारभारात हात पोळून घेणारा पांडुरंग आमच्यातलाच होता. त्याच्या वडिलांकडे पाहायला तेव्हा आम्हांला फुरसत नव्हती, आणि मनीच्या मृत्यूची पाने आम्ही दबक्या आदराने पण लवकर उलटली. आज ती पाने वाचायला वेळ लागतो. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीने जाते. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. त्यामुळे ‘देवी’ या शब्दातली धास्ती आता वर्गात समजावून सांगावी लागते. तेव्हा बदलतो तो केवळ वाचक नव्हे. काळही शब्दांतून एखादे भय काढून नेतो आणि जे एका पिढीने जगून वाचले, ते पुढच्या पिढीला शिकून वाचावे लागते.

या दोन पुस्तकांशेजारी प्रकाश संतांचा ‘वनवास’ हा १९९४ सालचा कथासंग्रह ठेवला, की मागे वळून पाहण्याच्या तीन रीती समोर येतात. श्याम मोठेपणी, आश्रमात, रात्री मित्रांना बालपण सांगतो. सांगण्यापूर्वीच त्याने त्या मुलाचा न्याय केलेला असतो. पांडुरंग पंचविशीतच मागे पाहतो आणि न्याय करणाऱ्याचीही थट्टा करतो. संतांचा लंपन मात्र मागे पाहतच नाही. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी वाढणारा हा मुलगा आजूबाजूचे वास, आवाज, माणसे यांत बुडालेला आहे आणि लिहिणारा प्रौढ माणूस त्याच्या डोक्यावरून आपल्याला एकदाही डोळा मारत नाही. ‘वनवास’ पुस्तकरूपाने आला तेव्हा संत पंचावन्न ओलांडलेले होते. या वयात स्वतःचे पुढचे सारे ज्ञान बाजूला ठेवून लहान मुलाच्या नजरेशी प्रामाणिक राहणे, ही आम्हांला मोठ्या संयमाची गोष्ट वाटते.

संत कऱ्हाडला भूशास्त्र शिकवीत असत. त्या शास्त्रात खालचा थर हा वरच्या थराचा कच्चा खर्डा मानत नाहीत; तो त्याच्या काळचा असतो आणि वरचे सगळे त्याच्यावर उभे असते. वयाकडेही असे पाहता यावे. आपल्यातला दहा वर्षांचा मुलगा आणि विशीतला तरुण यांना आजच्या कोर्टात आरोपी म्हणून उभे करण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या जागेवरूनच दिसणार होते. त्या जागेवर आता आपल्याला परत उभे राहता येत नाही, एवढेच.

शिकवताना हा प्रश्न नुसता वैयक्तिक राहत नाही. ‘श्यामची आई’चा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी चटकन म्हणतो, “सर, हे आता कालबाह्य आहे.” त्याला आमचे तिसरे वाचन सांगून गप्प करणे सोपे आहे. पण तसे केले तर त्याचे दुसरे वाचन आम्ही हिरावून घेतो, आणि स्वतःचे दुसरे वाचन न करता तिसऱ्याला पोहोचलेला माणूस आमच्या पाहण्यात नाही. म्हणून आम्ही एवढेच म्हणतो, की आपले मत पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेव आणि खाली तारीख घाल.

गेल्या वर्षी आमच्या मुलीने आमची ‘कोसला’ वाचायला घेतली. शेजारच्या खोलीतून तिचे हसू ऐकू येई. एका संध्याकाळी ते थांबले आणि बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. ती कुठल्या पानावर असेल, हे आम्हांला ठाऊक होते. आत जावे, काहीतरी बोलावे असे वाटले, गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उघडून भलतेच एक पान पुढे केले. तिथे एका अगदी साध्या वाक्याखाली पेन्सिलीची जाड रेघ होती.

“बाबा, इथे का रे रेघ मारलीस?”

आम्ही ते वाक्य दोनदा वाचले. अक्षरन् अक्षर कळत होते. त्यात रेघ मारण्यासारखे काय होते, ते मात्र उमगेना. रेघ आमचीच होती. “ज्याने मारली त्याला विचारायला हवं,” आम्ही म्हणालो. तिने ती खोडू का, म्हणून विचारले. आम्ही राहू दे म्हटले.