इतर हक्कांचा रकाना

सेलू तालुक्यातील हिंगणी हे आमचे मूळ गाव. बोरधरणाच्या वाटेवर वसलेले हे गाव २०१४ साली बोर अभयारण्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाल्यापासून सफारीस निघालेल्या शहरी मंडळींना निदान नावाने तरी ठाऊक झाले आहे. माझा चरितार्थ नागपुरात संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यावर चालतो. गावाशी संबंध उरला आहे तो सणावारापुरता आणि वडिलोपार्जित वावराच्या कागदपत्रांपुरता. अशाच एका दिवाळीच्या रजेत थोरल्या काकांनी एक जाडजूड, कडा झिजलेली वही माझ्यापुढे टाकली आणि म्हटले, "एवढा शिकला तं हे सारं एकडाव यंत्रात घालून दे ना बाप्पा."

धुऱ्याला धुरा लागून असलेल्या अकरा वावरांची ती वही होती. रोही आणि रानडुकरे यांच्या उपद्रवामुळे ही अकरा घरे पाळीपाळीने जागल करीत, बी-बियाणे एकत्र आणीत, आणि कोणाच्या वावरात काय आहे याची नोंद काकांच्या वहीत होई. काम मला अगदीच किरकोळ वाटले. ओस्लोच्या संगणक केंद्रात डाल आणि निगार्ड या दोघा नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 'सिम्युला ६७' ही भाषा घडविली, तेव्हापासून ऑब्जेक्ट म्हणजे क्लास नामक साच्यातून काढलेली वस्तू आणि तिचे गुणधर्म कोणते हे साच्यानेच आधी ठरवावयाचे, हा पाठ आमच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या गिरविला गेला आहे. त्या पाठास अनुसरून मी 'वावर' नावाचा एक क्लास लिहिला, त्यास गट क्रमांक, क्षेत्र, पीक, विहीर असे नऊ गुणधर्म दिले, आणि वही उघडली.

तिसऱ्या पानावरच माझा साचा अपुरा पडू लागला. एका वावराच्या धुऱ्यावर मोहाचे झाड होते आणि त्याची फुले दोन घरांत निम्मी-निम्मी वाटली जात. दुसऱ्यास विहीर नव्हती, परंतु शेजारच्या विहिरीच्या पाण्यात आठवड्यातून दोन दिवसांचा हिस्सा होता. तिसऱ्यातून पांदण जात असे. चौथ्यास सौरकुंपण होते आणि त्याची बॅटरी कोणाच्या घरी ठेवली आहे हेही काकांनी टिपून ठेवले होते. प्रत्येक नव्या गोष्टीगणिक मी साच्यात एकेक रकाना वाढवीत गेलो, आणि अखेरीस असा तक्ता तयार झाला की ज्यात चाळीसांहून अधिक रकाने आणि प्रत्येक ओळीत बहुतेक सारे कोरे! मोहाच्या एका झाडापायी अकराही वावरांच्या कपाळी 'मोहाचे झाड' हा रकाना आला होता.

मग मी साच्याचा नाद सोडला. ऑब्जेक्टचे गुणधर्म आधी न ठरविता गरज पडेल तसे त्यास चिकटवीत जावे, ही वाटही जुनीच आहे. अंगर आणि स्मिथ यांनी १९८७ साली जगापुढे मांडलेल्या 'सेल्फ' या भाषेत तर क्लास मुळातच नाही, आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन १९९५ साली जन्मलेली जावास्क्रिप्ट आज प्रत्येक ब्राउझरमध्ये नांदते आहे. मी काम करीत होतो त्या पायथन भाषेत साध्या ऑब्जेक्टच्या पोटात एक डिक्शनरी असते: एकीकडे गुणधर्माचे नाव, दुसरीकडे त्याचे मूल्य. ऑब्जेक्ट जन्मल्यानंतरही त्यात नवे नाव केव्हाही घालता येते, आणि ते नाव आज्ञावलीत आधी लिहिलेले नसून वहीतून वाचलेले असेल, तर 'सेटॲटर' हे फंक्शन ते काम करते. माझा 'वावर' क्लास आता जवळजवळ रिकामा झाला. ज्या वावरास मोह होता त्यासच मोह चिकटला, ज्यातून पांदण जात होती त्यासच पांदण. वहीतला मजकूर जसाच्या तसा यंत्रात उतरला, आणि संक्रांतीच्या सुमारास ते सारे काकांच्या गावातल्या दुसऱ्या पुतण्याच्या फोनवर चालू करून देऊन मी धन्य झालो.

ही धन्यता पोळ्यापर्यंत टिकली. सणासाठी गेलो तेव्हा फवारणीचे औषध एकत्र आणावयाचे होते, म्हणून काकांनी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, एकूण क्षेत्र विचारले. यंत्राने साडेबारा एकर सांगितले. काकांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला आणि तो एकोणीस एकर भरला. नदीकडच्या तीन वावरांत यंत्राच्या मते पऱ्हाटी नव्हतीच.

"नाही म्हणते का?" काका म्हणाले. "मंग परवा मी फवारा काय गोट्यायले मारला?"

त्या रात्री ओसरीवर दिवा लावून मी गुणधर्मांच्या नावांची यादी पडद्यावर काढली. यादीत 'पऱ्हाटी' दोनदा होती. दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून पाहिले, अक्षर अन् अक्षर तेच. तोच अर्धचंद्राकृती र-कार, तोच ह, तोच ट. डोळ्यांचा काही इलाज चालेना, तेव्हा यंत्रालाच दोन्हींची लांबी मोजावयास सांगितली. एकीची सात आली, दुसरीची आठ. उलगडा झाला तो असा की मराठीतला हा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्त्याचा 'ऱ' आणि त्यास हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह. निम्मी माहिती मी नागपुरात टंकिली होती आणि निम्मी पुतण्याने फोनवर; दोघांचे कळफलक निराळे, म्हणून आमच्या पऱ्हाट्याही निराळ्या. शोधता शोधता 'विहीर' आणि 'विहिर' हेही दोन स्वतंत्र गुणधर्म म्हणून नांदत असलेले आढळले. तो दोष मात्र शुद्धलेखनाचा होता.

साचा असता तर अनोळखी नाव पाहताच त्याने तक्रार केली असती. माझ्या मोकळ्या ऑब्जेक्टने प्रत्येक चूक नवा गुणधर्म समजून आनंदाने पदरात घेतली. त्याहून मोठा अपराध माझ्या हातून असा घडला होता की, बेरीज करताना एखाद्या वावरात पऱ्हाटीचा गुणधर्म न सापडल्यास तेथे शून्य धरावे, अशी आज्ञा मीच देऊन ठेवली होती. त्यामुळे 'पीक नाही' आणि 'नोंद सापडत नाही' या दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच शून्यात बुडून गेल्या. अशाच धास्तीने असेल, पीएचपी भाषेने २०२२ च्या ८.२ या आवृत्तीत असे ऐनवेळी चिकटविलेले गुणधर्म त्याज्य ठरविले आहेत. पायथनमध्येही 'स्लॉट्स' लिहून डिक्शनरीचे दार बंद करता येते. परंतु दार बंद केले की पुन्हा तो चाळीस रकान्यांचा तक्ता!

दुसऱ्या दिवशी काकांनी दुसऱ्याच एका कामासाठी पत्र्याची पेटी उघडली. तीत सातबाराच्या जुन्या नकला होत्या. मालगुजारी गेली, जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि तेथून महाराष्ट्रात आला, कागदावर तलाठी हे पद आले, तरी आमच्याकडे दप्तर ठेवणारा तो पटवारीच. नमुना सातवर नजर फिरवीत असता 'इतर हक्क' या रकान्यापाशी मी थबकलो. कूळ, बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाट, असे काय वाटेल ते त्या एका रकान्यात दाटीवाटीने बसले होते, आणि दर मौज्यात, दर गटात तो मजकूर निराळा. म्हणजे माझा मोकळा ऑब्जेक्ट महसूल खात्याने कधीच बनवून ठेवला होता!

"आणि हा गोल केलेला आकडा कायचा?" मी विचारले.

"फेरफाराचा," काका म्हणाले. "त्याच्याबिगर काई लिवता येते का त्याच्यात?"

मग त्यांनी मला सारी रीत समजावून सांगितली. कोणतीही नवी गोष्ट प्रथम नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीत चढते. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधी इसमांस हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच तो मजकूर क्रमांकासह सातबारावर येतो. जुने नाव पुसून टाकीत नाहीत, त्यास कंस करतात. म्हणून पन्नास वर्षांनीही पूर्वी कोण होते ते वाचता येते. रकाना मोकळा, परंतु त्यात शिरण्याचा मार्ग एकच, आणि त्या मार्गावर प्रत्येकाचे नाव लिहून घेतलेले.

नागपुरास परतल्यावर मी वावराच्या क्लासला एक फेरफार जोडला. गुणधर्म लिहिण्याची पायथनची जी मूळ क्रिया आहे तीच मी अडविली. नाव आले की आधी त्यातला र-कार एकाच रीतीचा करून घ्यावयाचा. मग ते मान्य नावांच्या यादीत आहे काय ते पाहावयाचे. नसल्यास त्याच्या जवळची नावे दाखवून, ही नवी गोष्ट कोणाच्या सांगण्यावरून, असा प्रश्न करावयाचा आणि उत्तर तारखेसह नोंदवावयाचे. जुन्या मूल्यास कंस. आणि न सापडलेल्या गुणधर्मास शून्याऐवजी 'नोंद नाही' हे स्वच्छ उत्तर. पऱ्हाटी एकोणीस एकर भरली.

पुढल्या खरिपात रोह्यांनी रात्रीतून कोवळी तूर खाल्ली. सकाळी काकांनी पुतण्याकडून फोन मागून घेतला आणि 'रोह्यानं खाल्लेली तूर' असा रकाना, आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या बोटाने लिहिला. फोनने विचारले, हा नवा रकाना कोणाच्या सांगण्यावरून? मला वाटले, ते चिडतील. त्यांनी चष्मा वर सारला, प्रश्न पुन्हा एकदा वाचला, आणि मान डोलावली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पटवारी बी असंच इचारते." आणि मग सावकाश, एकेक अक्षर शोधीत, त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव लिहिले.