निळ्या रेघांचे कापड

रत्नागिरी जिल्ह्यातील पाली हे गाव वाटांच्या फाट्यावर वसलेले आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग तेथून जातो, आणि नाणीज, साखरपा, आंबा घाट अशी वळणे घेत कोल्हापूरला जाणारा रस्ताही तेथूनच निघतो. ज्या घराची ही हकीगत आहे, त्या घरातील माणसेही अशीच वाटांनी पांगली होती. धाकटा मुलगा मुंबईस नोकरीला होता, मुलगी कोल्हापूरला नांदत होती. थोरला मुलगा तेवढा बायकोमुलीसह गावी राहिला होता. या सर्वांना एकत्र बांधणारी होती आजी. आणि आजीच्या खाटेखाली होती तिची लोखंडी पेटी.

त्या पेटीत दागदागिने असतील, असा शेजारच्या मुलांचा समज होता. पण तीत होते केवळ कापड! जुन्या लुगड्यांचे काठ, परकराचे घेर, शिंप्याने सदरा बेतून परत दिलेले तुकडे, कोणी ओटीत घातलेले खण, उशीच्या अभ्र्याची झालर, असे कितीतरी. आजी ते धुई, वाळवी, हाताने सुरकुत्या मोडी आणि घडी करून पेटीत ठेवी. घडीघडीत डांबराच्या गोळ्या टाकी. कोणी विचारले, "एवढ्या चिंध्या कशाला जपतेस?" तर ती म्हणे, "चिंधी म्हणू नये. उपयोग सापडला नाही, तोवरच ती चिंधी!"

आजीचे हे म्हणणे तिच्या एकटीचे नव्हते. ज्या काळी वर्षाकाठी दोन लुगड्यांवर बाईमाणसाला भागवावे लागे, त्या काळी फाटलेले वस्त्र टाकून देणे कोणाला परवडणार? लुगडे विरले की त्याचे बाळासाठी दुपटे होई. उरल्यासुरल्याची कुंची होई, पानसुपारीची चंची होई. आणि शेवटी सारे थरावर थर रचून, कडेपासून मधल्या भागापर्यंत धावदोरा घालून गोधडी होई. महाराष्ट्रात जी गोधडी किंवा वाकळ, तीच बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया तिला कवंदी म्हणतात. नावे निराळी, टाके निराळे. पण जुन्याला ऊब आणण्याची विद्या एकच. कांथा शिवणाऱ्या स्त्रिया तर जुन्या साडीच्या काठांतील रंगीत धागे उसवून घेत आणि त्याच धाग्यांनी नवी नक्षी भरीत.

आजीच्या पेटीत अगदी तळाशी, पांढऱ्या पंचात गुंडाळलेले एक कापड होते. त्याला मात्र कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. ते अडीच वार पॉपलिन होते. पांढऱ्या रंगावर बारीक निळ्या रेघा. त्याची कथा मुंबईच्या गिरण्यांशी जोडलेली होती.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, आणि त्यांत राबण्यासाठी कोकणातील घरोघरचे तरुण मुंबईची वाट चालू लागले. आजोबा त्यांपैकीच एक. कापड विणण्याच्या यंत्राला गिरणीत साचा म्हणत; आजोबा अशा साच्यांवर काम करीत. गणपतीला घरी येताना ते गिरणीच्या दुकानातून कापड विकत घेऊन येत. १९८१ सालच्या गणपतीत त्यांनी हे निळ्या रेघांचे कापड आणले आणि आजीच्या हाती देत म्हटले, "हे माझ्या स्वतःच्या साच्यावरचे आहे. तुझ्या हातचा एक सदरा शिव मला याचा."

आजीने कापडावरून हात फिरवला. इतके सुबक कापड घाईने बेतायला तिचे मन धजेना. ती म्हणाली, "एखाद्या चांगल्या सणाला शिवीन."

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. महिने लोटले, वर्ष लोटले. संप रेंगाळत गेला, आणि हजारो कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. आजोबा पालीला परतले व दुसऱ्यांच्या बागांतून मजुरी करू लागले. सण येत होते. पण 'चांगला सण' काही येईना. कधी हाती पैसा नसे, कधी मन नसे. आजोबांनीही पुन्हा सदऱ्याची गोष्ट काढली नाही. पुढे एका पावसाळ्यात थोड्याशा आजाराचे निमित्त होऊन ते गेले. कापड पेटीत तसेच राहिले.

२०१८ सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि जूनच्या अखेरीपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. बाजारात जो तो कापडी पिशवी शोधू लागला. एके दिवशी सून आजीला म्हणाली, "आई, तुमच्या पेटीत एखादा धड तुकडा असला तर पहा ना. बाजारासाठी पिशवी शिवता येईल."

श्रावणातली दुपार होती. पावसाने जरा उघडीप दिली होती व अंगणात उन्हाची तिरीप आली होती. बारा वर्षांच्या नातीने पेटी ओढून पडवीत आणली. झाकण उघडताच कुबट वास आला. वरवरचे कापड ठीक होते. पण जसजशा घड्या निघू लागल्या, तसतसा आजीचा चेहरा उतरू लागला. पेटीचा तळ गंजून गेला होता. कितीतरी पावसाळ्यांची ओल आत शिरली होती. पंचा उलगडला, तर निळ्या रेघांच्या कापडावर तांबडे डाग पडलेले, आणि घडीघडीवर कसरीने जाळी केलेली!

आजी काही बोलली नाही. ते कापड मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. नात भीतभीत म्हणाली, "आजी, आता हे टाकून द्यायचे का गं?"

आजीने कापड उजेडाकडे धरले. भोकांतून ऊन खाली सांडत होते. ती हळूच म्हणाली, "अगो बाय, कसरीने हे एका दिवसात खाल्ले नाही. मी उद्यावर टाकीत होते आणि ती रोज खात होती." मग क्षणभर थांबून ती पुढे म्हणाली, "जा, कात्री आण."

त्या दिवसापासून पडवीत कामाला सुरुवात झाली. आजीने प्रथम सारे कापड दोन पाण्यांतून काढले आणि उन्हात वाळवले. मग एकेक तुकडा दोन्ही हातांनी ताणून पाहिला. जो ताणताच विरे, तो पायपुसण्यासाठी बाजूला पडे. जो टिके, त्याची निवड होई. अडीच वारांच्या त्या कापडातून सदरा निघणे आता शक्य नव्हते. भोके टाळून कापता कापता हाती आल्या त्या चार बोटे रुंदीच्या काही पट्ट्या.

"एवढ्याशा पट्ट्यांचे काय होणार?" नातीने विचारले.

"घरात माणसे किती, ते मोज," आजी म्हणाली.

मग माणसागणिक बेत ठरू लागला. मुंबईच्या मुलाला डबा न्यावा लागतो. त्याच्यासाठी रुंद तळाची पिशवी. सुनेला बाजारहाट करावी लागते. तिच्यासाठी दुहेरी कापडाची, ओझे पेलणारी. कोल्हापूरच्या लेकीच्या घरी नुकतेच नातवंड आले होते. त्याच्यासाठी मऊ लुगड्याचे दुपटे आणि कुंची. थोरल्या मुलासाठी कोयता व दोरी ठेवायला जाड खादीची पिशवी. शेजारच्या जाऊबाईंसाठी खणाची चंची. आणि प्रत्येक वस्तूवर कोठे ना कोठे निळ्या रेघांची एक पट्टी.

नात शेजारी बसून शिकू लागली. आजी सांगे, "कापडाला अंग असते. किनारीच्या दिशेने जातात ते उभे धागे, म्हणजे ताणा; त्यांना आडवे छेदतात तो बाणा. ताणा अधिक बळकट. म्हणून पिशवीचे बंद नेहमी उभ्या धाग्यावर बेतावेत. तिरके कापलेस तर ते ओझ्याने लांबत जातील." हे ज्ञान आजीला आजोबांनी दिले होते. उभे आयुष्य ज्याने ताण्याबाण्यात घालवले, त्याला कापडाची नाडी ठाऊक असणारच!

कडा दोनदा दुमडून घ्यावी, म्हणजे धागे सुटत नाहीत. बाजूंना उलटी टीप घालावी. कारण तीत प्रत्येक टाका मागे वळून आधीच्या टाक्याला धरून ठेवतो. बंद जेथे पिशवीला जोडायचा, तेथे एक चौकोन शिवावा आणि त्यात फुली मारावी. म्हणजे भार एका टाक्यावर न येता साऱ्या चौकोनावर वाटला जातो. अशा एकेक गोष्टी नातीच्या बोटांना कळू लागल्या. सुई टोचे, दोरा गुंते, डोळे दुखून येत. पण पिशवीला आकार येताना पाहिला की सारा शीण जाई.

मुंबईच्या काकासाठी पिशवी शिवण्याचा हट्ट नातीने धरला होता. तिने ती दोन दिवसांत पुरी केली आणि मोठ्या ऐटीने आजीपुढे धरली. बाहेरून पिशवी छान दिसत होती. आजीने ती उलटी केली. आत दोऱ्यांचे झुपके लोंबत होते, गाठी सैल होत्या, आणि चौकोनातील फुली तर घातलीच नव्हती.

"आतले कोणाला दिसणार आहे?" नात कुरकुरली.

आजी रागावली नाही. तिने दारातले चार नारळ आणून पिशवीत घातले व ती नातीच्या हातात दिली. नात जेमतेम विहिरीपर्यंत गेली असेल, तोच एक बंद निसटला आणि नारळ घरंगळत अंगणभर झाले. नातीचे डोळे भरून आले. आजीने तिला जवळ घेतले. ती म्हणाली, "काका गर्दीच्या गाडीत उभा असेल आणि हा बंद तुटला असता, तर त्याचा डबा सांडला असता. त्याची दुपार उपाशी गेली असती. बाहेरची शिवण पाहणाऱ्यासाठी असते बाय. आतली शिवण वापरणाऱ्यासाठी."

त्या संध्याकाळी नातीने सारी पिशवी उसवली आणि दिव्यापाशी बसून पुन्हा पहिल्यापासून शिवायला घेतली. शिवण्यापेक्षा उसवणे कठीण असते, हे तिला त्या दिवशी समजले. तीन दिवसांनी तीच पिशवी सहा नारळ घेऊन विहिरीपर्यंत गेली आणि परतही आली.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, धाकट्या भावासाठी पै पै साठवून कोट शिवून घेणारा आणि भर पावसात गणपतीला घरी जाणारा श्याम भेटतो. कोकणात गणपतीचा सण असाच असतो. त्या दिवसांत वाटा भरून येतात, दारे उघडी राहतात, आणि देण्याघेण्याला किमतीचा हिशेब लागत नाही. १३ सप्टेंबर २०१८ रोजी गणेश चतुर्थी होती. आदल्या रात्रीपर्यंत पालीचे ते घर माणसांनी भरून गेले. आरती झाली, मोदक झाले, आणि दुपारी आजीने सर्वांना माजघरात बोलावले.

ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या हाती पडली. लेकीने कुंची बाळाच्या डोक्यावर घातली. जाऊबाईंनी चंचीची घडी उलगडली आणि त्यात सुपारी होती म्हणून हसल्या. मुंबईचा मुलगा मात्र पिशवीवरच्या निळ्या रेघांकडे पाहतच राहिला. त्याने ते कापड लहानपणी एकदाच पाहिले होते.

"आई, हे बाबांचे ना?"

"होय," आजी म्हणाली. "त्यांना सदरा हवा होता. माझ्याकडून तो राहून गेला. आता त्यांचे कापड तुम्हा सर्वांच्या हाती तरी फिरू दे."

माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलाने पिशवी उलटी करून आतील शिवण पाहिली, बंद ओढून पाहिला, आणि विचारले, "ही कोणी शिवली? फार पक्की आहे." नातीने मान खाली घातली, पण तिचा चेहरा फुलून आला होता.

गौरी-गणपती बोळवले गेले. सुटी संपली. एक पिशवी मुंबईच्या वाटेने गेली, दुपटे आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला पोहोचले. घर पुन्हा शांत झाले. नातीने पेटी झाडून पुसून उन्हात ठेवली. तीत आता जेमतेम दोन मुठी तुकडे उरले होते. तिने विचारले, "आजी, पुन्हा कापड साठवायचे का गं?"

"साठवायचे तर!" आजी म्हणाली. "पण साठवताना आधी मनात ठरवायचे, हे कोणासाठी. ज्याच्यावर नाव नाही, ते कसरीचे."

नातीने उरलेल्या तुकड्यांतून एक निवडला आणि उजेडाकडे धरून पाहिला. त्यावर भोक नव्हते. ती सुईत दोरा ओवू लागली. "हे कोणासाठी?" आजीने विचारले. नात हसली, पण तिने सांगितले नाही. आजीच्या चष्म्याला घर नव्हते, हे तिने केव्हाच पाहून ठेवले होते.